जिनिंगच्या काट्याला लिनक्स मशीन: एका हंगामाच्या नोंदी

काम असं: हिंगणघाट तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये (कापसाची सरकी काढणाऱ्या कारखान्यात) भुईकाट्याचं वजन थेट कम्प्युटरवर घ्यायचं, शेतकऱ्याची काटापट्टी मराठीत छापायची आणि दिवसाचा हिशोब नागपूरला बसलेल्या हिशोबनिसाला दिसला पाहिजे.

सामान: जुना आय-३ डेस्कटॉप, ४ जीबी रॅम, नवी १२० जीबीची एसएसडी (₹१,३००), यूएसबी-सीरियल केबल (₹२५०), सिमवर चालणारा ४जी राउटर. वर उबुंटू २२.०४ डेस्कटॉप (लिनक्सचाच एक प्रकार), डॉकर (प्रोग्रॅम त्याच्या सगळ्या सामानासह ‘कंटेनर’ नावाच्या बंद डब्यात चालवणारं साधन), पोस्टग्रेस (डेटाबेस) आणि जँगोमध्ये (पायथन भाषेतली वेबसाठीची चौकट) लिहिलेला प्रोग्रॅम.

कोड नागपूरच्या दोन डेव्हलपरांचा. कोड नीट आहे, चाचण्याही लिहिलेल्या आहेत. सोबतच्या कागदावर एक ओळ होती: ‘सगळं कंटेनरमध्ये आहे, मशीन कोणतंही चालेल.’ डेव्हलपरला आता लिनक्स खालपासून यायची गरज उरली नाही, असं म्हणणारे याच ओळीवर विसंबून असतात. म्हणून जमेल तिथे दोष कुठे सापडला आणि किती तास गेले, तेही लिहून ठेवलंय.

२३ सप्टेंबर

केबल लावली. तिचं पोर्ट, /डेव्ह/टीटीवाययूएसबी०, दिसलं आणि दोन सेकंदांत गायब. केबल खराब समजून हिंगणघाटहून दुसरी मागवली. तिचंही तेच. चार तास यात गेले.

पहिल्याच मिनिटाला डीमेसेज (कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे संदेश) बघायला हवं होतं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की सीएच३४१ ड्रायव्हरने केबल ओळखली आणि लगेच ‘बीआरएलटीटीवाय’ नावाच्या प्रोग्रॅमने ती काढून घेतली. हा प्रोग्रॅम अंध व्यक्तींच्या ब्रेल पट्टीसाठी असतो आणि उबुंटूच्या डेस्कटॉप आवृत्तीत आधीपासून बसवलेला येतो. स्वस्त केबलमध्ये सीएच३४० चिप असते, तिचा यूएसबी क्रमांक १ए८६:७५२३. काही ब्रेल उपकरणांतही हीच चिप असल्यामुळे प्रोग्रॅमला ती आपलीच वाटते.

इथे ब्रेल पट्टी वापरणारं कोणी नाही, म्हणून पॅकेज काढून टाकलं. जिथे वापरणारं कोणी असेल तिथे पॅकेज ठेवा, त्याच्या यूडेव्ह (जोडलेली उपकरणं ओळखणारा लिनक्सचा भाग) नियमातली या क्रमांकाची तेवढी ओळ बंद करा.

२४ सप्टेंबर

पोर्ट टिकलं, पण स्क्रीनवर वजन नाही. इंडिकेटर (काट्याचा आकडा दाखवणारा आणि पाठवणारा डबा) २४०० बॉड वेगावर, ८ बिट, पॅरिटी नाही. टर्मिनलवर पोर्टवर कॅट (आलेला मजकूर तसाच दाखवणारी आज्ञा) चालवलं की वजनं धडाधड येतात, प्रोग्रॅम मात्र गप्प. काटेवाले भाऊ म्हणाले, “काटा तर बराबर हाये भाऊ, तुमचं कम्प्युटरच झोपते.” निदान अगदी बरोबर होतं. प्रोग्रॅम खरोखरच झोपलेला होता.

चालत्या प्रोसेसला एसट्रेस (प्रोग्रॅम कर्नलशी काय बोलतो ते दाखवणारं साधन) लावलं. पडद्यावर एकाखाली एक ओळी येऊ लागल्या, प्रत्येक रीडमध्ये एकच बाइट: ०, १, २, ३, ४, ०, मग कॅरेज रिटर्न (ओळीच्या सुरुवातीला परत जाण्याची खूण). पुन्हा ०, १, २, ३, ४, ०. म्हणजे १२,३४० किलो प्रोग्रॅमच्या हातात पोचत होते, तरी तो थांबूनच होता. पायसीरियल या सीरियल पोर्ट वाचणाऱ्या पायथन लायब्ररीचं रीडलाइन नव्या ओळीच्या खुणेची, म्हणजे लाइन फीडची वाट बघतं. हा इंडिकेटर शेवटी फक्त कॅरेज रिटर्न पाठवतो. ओळ कधी संपतच नाही.

मग कॅटमध्ये कसं दिसतं? टीटीवायच्या (लिनक्समधल्या अशा पोर्टच्या) मूळ सेटिंगमध्ये आयसीआरएनएल चालू असतं, म्हणजे आलेला कॅरेज रिटर्न कर्नल स्वतः लाइन फीड करून देतो. पायसीरियल पोर्ट उघडताना ते बंद करतं. ‘कॅटमध्ये येतंय म्हणजे तार ठीक आहे, दोष कोडचा’ हे खरं, पण कोड कितीही वेळा वाचला तरी हा फरक त्यात दिसत नाही. पोर्टची सेटिंग दाखवणारं एसटीटीवाय -ए चालवून बघा, एका ओळीत उत्तर आहे.

दुरुस्ती एका ओळीची: रीडलाइनऐवजी रीड_अनटिल, कॅरेज रिटर्नपर्यंत. पाच तास.

३० सप्टेंबर

पट्टीवर मराठीऐवजी चौकोन. उबुंटूच्या मूळ कंटेनर इमेजमध्ये फाँटच नसतात. इमेजमध्ये फाँट्स-लोहित-देवा टाकलं, एफसी-लिस्टला मराठीचे फाँट विचारले, नाव आलं. चौकोन गेले, पण ‘क्विंटल’ वाचता येईना: क चा पाय मोडलेला, वेलांटी व च्या पुढे पडलेली.

हा फाँटचा दोष नाही. पीडीएफ करणारी रिपोर्टलॅब मूळ मांडणीत अक्षरं जोडत नाही, युनिकोडच्या क्रमाने एकेक चिन्ह ठेवत जाते. देवनागरीला जोडाक्षरं लावणारा हार्फबझसारखा थर मधे लागतो. पट्टी एचटीएमएलमध्ये करून वीझीप्रिंटने पीडीएफ केली. त्यात पँगो आणि हार्फबझ येतात. ‘क्विंटल’, ‘ट्रॅक्टर’ आणि ‘आर्द्रता’ हे तीन शब्द नीट छापून आले की बाकी सगळं येतं, एवढी चाचणी पुरते. तीन तास.

डॉट मॅट्रिक्सवर मराठी पट्टी चित्र म्हणून जाते, साध्या मजकुराच्या मानाने बरीच हळू. काट्यावर रांग असेल तेव्हा हे जाणवतं. लेझर प्रिंटर घेणं परवडलं.

६ ऑक्टोबर

शनिवारी संध्याकाळी काटा बंद करून सगळे गेले. सोमवारी सकाळी पोस्टग्रेस बंद, संदेश: डिस्कवर जागा नाही. शनिवारी ६० जीबीच्या वर मोकळी होती.

२४ तारखेच्या दुरुस्तीनंतर स्क्रीन अडकू नये म्हणून वाचणाऱ्या भागाला टाइमआउट शून्य दिला गेला होता. शून्य म्हणजे डेटा नसेल तर न थांबता रिकाम्या हाताने परत. इंडिकेटर बंद असताना लूप मोकाट फिरला आणि प्रत्येक फेरीला ‘डेटा नाही’ अशी ओळ लॉगमध्ये. सेकंदाला पाच हजारांच्या आसपास ओळी, एकेक १२० बाइटची, म्हणजे तासाला दोन जीबीच्या वर. डॉकरच्या मूळ मांडणीत जेसॉन लॉगला कसलीही मर्यादा नसते.

इथे एक मोठी चूक झाली. घाईत ती लॉग फाइल आरएमने उडवली. डीयूला (फाइलींची बेरीज सांगणारी आज्ञा) जागा मोकळी दिसली, डीएफला (डिस्क किती भरली ते सांगणारी) अजूनही १०० टक्के भरलेली. फाइलचं नाव गेलं तरी डॉकरच्या हातात ती उघडीच होती, आणि उघडी फाइल कर्नल सोडत नाही. नाव गेलेल्या पण उघड्या फाइली दाखवणारं एलएसऑफ +एल१ चालवल्यावर ‘डिलीटेड’ शिक्क्यासह ती दिसली. डॉकर रीस्टार्ट केल्यावर जागा सुटली. अशा फाइलला उडवू नका, ट्रंकेट करून शून्यावर आणा. चालू प्रोग्रॅमही दुखावत नाही.

पक्की दुरुस्ती अशी. टाइमआउट १ सेकंद. डॉकरला मॅक्स-साइझ १० एमबी, मॅक्स-फाइल ३. ही मर्यादा जुन्या कंटेनरला लागू होत नाही, कंटेनर नव्याने बनवावा लागतो. नुसता रीस्टार्ट करून निर्धास्त राहू नका.

आणि जागा संपली म्हणून पोस्टग्रेसच्या पीजी_वॉल फोल्डरमधल्या फाइली हाताने कधीच काढू नका. त्या साध्या लॉगसारख्या वाटतात, पण डेटाबेस परत उभा राहतो तो त्यांच्याच आधाराने. पाच तास, शिवाय काटा तीन तास हाताने लिहून चालवावा लागला.

१४ ऑक्टोबर

नागपूरहून मशीनवर जाता येत नाही. राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता १००.६४ ने सुरू होणारा, म्हणजे सिमकंपनीच्या सामायिक नॅटमागे (अनेक ग्राहकांत एकच सार्वजनिक पत्ता वाटणारी सोय). पोर्ट फॉरवर्डिंगचा इथे काही उपयोग नाही, कारण सार्वजनिक पत्ता आपला नाहीच. त्यात वेळ घालवू नका.

बाहेर एक छोटा भाड्याचा सर्व्हर घेतला, मशीनवरून तिथे वायरगार्ड (व्हीपीएन, म्हणजे खासगी बोगदा). पर्सिस्टंट-कीपअलाइव्ह २५ दिलं, नाहीतर थोडा वेळ कोणी बोललं नाही की नॅट वाट विसरतं आणि बाहेरून आत येता येत नाही.

पिंग लागलं. एसएसएच (दुरून मशीनवर काम करण्याची सोय) मात्र अर्ध्यावर लटकायचं, हिशोबाचं पान पांढरं राहायचं. लहान पाकिटं जातात आणि मोठी हरवतात, त्याची ही ठरलेली खूण आहे. बोगद्यातूनच, तुकडे न करण्याच्या अटीवर, पिंगचा आकार कमी करत गेलो. १२५२ ला नेमाने उत्तर आलं. त्यात पाकिटाच्या शीर्षकांचे २८ बाइट मिळवले की १२८०. वायरगार्डचा एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार) सहसा १४२० असतो, तो १२८० केला. सगळं सुरू. सहा तास, त्यातले साडेपाच ‘फायरवॉल अडवतंय’ या समजुतीत.

२८ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर

हंगाम सुरू झाला, जिनिंगच्या मोटारी लागल्या, आणि महिनाभर नीट चाललेला काटा दिवसातून चार-पाचदा बंद पडू लागला. कंटेनर रीस्टार्ट केला तर कधी चालू, कधी नाही.

डीमेसेजमध्ये कर्नलने स्वतःच कारण सुचवलं होतं: हबने पोर्ट बंद केलं, पुढे कंसात ‘ईएमआय?’ (आसपासच्या विजेचा व्यत्यय) असं प्रश्नचिन्ह. वेळ जुळवून पाहिली. मोठी मोटार सुरू होण्याच्या क्षणाशी प्रत्येक ओळ जुळली. सीरियल केबल मोटारीच्या पॉवर केबलला चिकटून भिंतीवरून आणली होती.

विजेची बाजू: केबल दुसऱ्या भिंतीवरून घेतली, मशीन ऑफिसातून काट्याच्या केबिनमध्ये आणलं, म्हणजे आरएस-२३२ ची (काट्याच्या सीरियल जोडणीची) लांबी ३५ मीटरवरून ३ मीटरवर आली, या जोडणीला १५ मीटरच्या पुढे ताणू नये. स्वस्त केबलच्या जागी आयसोलेटेड कन्व्हर्टर (₹१,९००). केबिनचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घेतलं, ते तुटलेलंच होतं. एवढं करूनही हंगामात दोन-तीनदा पोर्ट पडलं. म्हणजे पोर्ट पडणार हे धरूनच सॉफ्टवेअर उभं करायला हवं, आणि इथेच ‘सगळं कंटेनरमध्ये’ आडवं आलं.

पोर्ट पडून परत येतं तेव्हा जुनी फाइल प्रोग्रॅमच्या हातात उघडी असेल तर जुना क्रमांक मोकळा होत नाही, नवं पोर्ट टीटीवाययूएसबी१ म्हणून येतं. कंटेनरला सुरू होताना जे उपकरण दिलं तेवढंच त्याला दिसतं. नव्याने आलेलं दिसत नाही. म्हणून वाचणारा भाग कंटेनरबाहेर काढून साधी सिस्टमडी (लिनक्सवर सर्व्हिस सुरू ठेवणारा व्यवस्थापक) सर्व्हिस केली. वेब आणि डेटाबेस कंटेनरमध्येच राहिले, तिथे ते छान आहेत.

नाव पक्कं करण्यासाठी यूडेव्ह नियम लिहिला. /डेव्ह/सीरियल/बाय-आयडी वापरायचा विचार होता, पण या चिपच्या केबलला बहुधा अनुक्रमांकच नसतो. दुसरी तशीच केबल लावली की दोघींचं नाव एकच. म्हणून मशीनच्या मागच्या कोणत्या खोबणीत लावली त्यावरून नाव दिलं: /डेव्ह/काटा. खोबणीवर लाल टेप चिकटवली, साफसफाई करताना केबल दुसरीकडे जाऊ नये म्हणून.

सर्व्हिसच्या वापरकर्त्याला डायलआउट (सीरियल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या) गटात घातलं. रीस्टार्ट=ऑलवेज दिलं आणि निश्चिंत झालो, तर पुढच्याच दिवशी पोर्ट पडल्यावर सर्व्हिस मेलेली. सिस्टमडी मूळ मांडणीत १०० मिलिसेकंदांनी पुन्हा सुरू करतं, आणि १० सेकंदांत ५ वेळा पडलं की हात टेकतं. पोर्ट परत यायला दोन सेकंद लागतात. तोवर पाचही संधी संपल्या. रीस्टार्टसेक=५ आणि स्टार्टलिमिटइंटर्व्हलसेक=० दिलं. हे दुसरं ‘युनिट’ या भागात लिहायचं असतं. ‘सर्व्हिस’ भागात लिहिलं तर सिस्टमडी जर्नलमध्ये एक इशारा टाकून ते सोडून देतं. तो इशारा न वाचल्याने आणखी एक दिवस गेला.

वजन घेण्याची अटही कडक केली: लागोपाठ पाच वेळा तोच आकडा आला तरच खरा. या इंडिकेटरच्या आकड्यासोबत तपासणीचा कोणताही बाइट येत नाही. मोटारीच्या झटक्याने एखादा अंक बिघडला तर ओळखायला दुसरा मार्ग नाही. एकूण नऊ तास.

९ नोव्हेंबर

ही नोंद पैशाची आहे, म्हणून सविस्तर.

रात्रीपासून बंड्या (बैलगाड्या) आणि ट्रॅक्टर रांगेत होते, म्हणून काटा पहाटे साडेचारला उघडला. साडेपाचच्या आत ११ पट्ट्या निघाल्या. सातच्या सुमारास एक शेतकरी पट्टी घेऊन परत आले: “फलकावर भाव वेगळा न् पट्टीवर वेगळा, असं काहून?” आदल्या दिवशीपेक्षा भाव क्विंटलला ₹७५ ने वाढला होता. पट्टीवर जुनाच भाव.

त्या ११ पट्ट्यांवर तारीखही आदल्या दिवशीची होती. साडेपाचनंतरच्या सगळ्या बरोबर. साडेपाच हा आकडा दिसला की पुढे शोधायला लागत नाही: भारतीय वेळ जागतिक वेळेच्या ५ तास ३० मिनिटं पुढे आहे. मध्यरात्रीपासून साडेपाचपर्यंत जागतिक तारीख कालचीच असते. नागपुरात चाचण्या दिवसा चालायच्या, म्हणून त्या कधीच पडल्या नाहीत.

मशीनचं टाइमडेटसीटीएल बरोबर एशिया/कोलकाता दाखवत होतं. कंटेनरमध्ये डेट चालवलं तर यूटीसी (जागतिक वेळ). इनव्हायर्नमेंटमध्ये टीझेड (वेळेचा विभाग) दिलं, तरी वेळ बदलेना. फक्त वेळेशेजारी ‘आयएसटी’ ऐवजी ‘एशिया’ असा शब्द आला. उबुंटूच्या मूळ इमेजमध्ये टीझेडडेटा पॅकेज नसतं, आणि विभागाची फाइल सापडली नाही की सी लायब्ररी कसलीही तक्रार न करता यूटीसी धरते. तो ‘एशिया’ शब्द दिसला की समजा, टीझेडडेटा नाही.

पॅकेज टाकल्यावर पट्टीवरची तारीख सुधारली. भाव नाही. भाव एसक्यूएलमधल्या करंट_डेटने शोधला जात होता, आणि यूएसई_टीझेड ही सेटिंग चालू असली की जँगो डेटाबेसशी यूटीसीतच बोलतो. पायथनमधलं टाइमझोन.नाऊ().डेट() सुद्धा यूटीसीचीच तारीख देतं. सगळीकडे टाइमझोन.लोकलडेट() घेऊन तीच क्वेरीला दिली. हा दोष निखळ कोडचा.

११ पट्ट्या, १४३ क्विंटल, फरक ₹१०,७२५. संध्याकाळच्या आत प्रत्येकाला फोन करून फरक दिला आणि नवी पट्टी दिली. चाचण्यांत आता पहाटे ४:४५ ची एक कायमची आहे. सहा तास.

२१ नोव्हेंबर

दुपारी दोनदा वीज गेली. परत आल्यावर तीन गोष्टी एकदम: मशीन आपोआप सुरू झालं नाही, सुरू केल्यावर काही गाड्यांचं रिकामं वजन भरल्या वजनाच्या आधी झालेलं दिसू लागलं, आणि ७ पट्ट्यांच्या पीडीएफ शून्य बाइटच्या.

पहिल्या दोन्हींचं मूळ एकच: मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल मेलेला. ₹४०. वीज गेली की बायॉसची (मशीन सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) सेटिंग पुसली जायची, त्यात ‘वीज आल्यावर चालू हो’ हीसुद्धा. घड्याळही जायचं. पण ते दहा वर्षं मागे गेलं असतं तर कोणाच्याही लक्षात आलं असतं. सिस्टमडीची टाइमसिंक सर्व्हिस शेवटची जुळवलेली वेळ फाइलच्या रूपाने जपून ठेवते आणि सुरू होताना घड्याळ निदान तिथवर आणते. म्हणून घड्याळ फक्त पाऊण-एक तास मागे राहिलं, नेट यायला चार मिनिटं लागली, तेवढ्यात दोन गाड्यांचं रिकामं वजन झालं, आणि मग वेळ एकदम पुढे उडाली.

सेल बदलला, बायॉसची सेटिंग पुन्हा केली. वजन स्थिर आहे का हे मोजताना कोड भिंतीवरच्या घड्याळाची वेळ वापरत होता, तिथे टाइम.मोनोटॉनिक घातलं, जे मागे-पुढे उडत नाही.

शून्य बाइटच्या फाइली: प्रोग्रॅमने फाइल लिहिली म्हणजे ती डिस्कवर गेली असं नाही. मूळ मांडणीत कर्नल ती ३० सेकंदांच्या आसपास मेमरीत धरून ठेवू शकतो. ईएक्सटी४ (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) जागा उशिरा नेमतं, त्यामुळे नाव टिकतं आणि मजकूर जातो. डेटाबेसमधल्या सातही नोंदी शाबूत होत्या, कारण पोस्टग्रेस कमिटच्या वेळी एफसिंक (डेटा डिस्कवर नक्की उतरवून घेणं) करतं. त्यावरून पट्ट्या पुन्हा काढल्या. आता पीडीएफ आधी तात्पुरत्या नावाने लिहितो, एफसिंक, मग नाव बदल, मग फोल्डरचंही एफसिंक. आठ तास.

३ डिसेंबर

चार दिवसांपासून पट्टी निघायला दोन सेकंदांऐवजी अकरा. डेव्हलपरांनी नागपूरहून क्वेरी तपासल्या, एआयच्या सल्ल्याने दोन इंडेक्स वाढवले, पोस्टग्रेसची मेमरी बदलली, कॅशे घातला. क्वेरीला मुळात ४ मिलिसेकंद लागत होते. दहा तास या मार्गाने गेले, आणि त्यातला एकही बदल ठेवण्यासारखा नव्हता. सगळे मागे घेतले.

सेन्सर्स चालवलं: प्रोसेसर ९७ अंश. वेग २.९ गिगाहर्ट्झऐवजी ०.८. जर्नलमध्ये ‘तापमान हद्दीच्या वर, घड्याळ मंदावलं’ अशा शेकडो ओळी. डबा उघडला तर हीटसिंकवर रुईच्या तंतूंचा बोटभर जाड थर, अगदी रजईसारखा. फॅन फिरत होता, पण हवा जायला वाट नव्हती.

मशीन बंद, वायर काढलेली, फॅनचं पातं बोटाने धरून मऊ ब्रशने साफ केलं. ५८ अंश, पट्टी दोन सेकंदांत. हवा आत घेणाऱ्या जाळीवर बाहेरून पातळ फोम लावला. दर सोमवारी तो झटकायचा, हे काटेवाल्या भाऊंच्या वहीत लिहिलं. रुई पेट घेते, म्हणून हे नुसतं वेगाचं प्रकरण समजू नका. रोज सकाळी तापमान ८० च्या वर असेल तर स्क्रीनवर लाल पट्टा येतो.

४ डिसेंबर

आतापर्यंतची बेरीज ५६ तास. दुरुस्ती मुख्यतः कोडच्या ओळीत झाली असे दोष धरले तर २४ सप्टेंबर आणि ९ नोव्हेंबर मिळून ११ तास; आणि त्यातलाही पहिला एसट्रेसशिवाय सापडला नसता.

डेव्हलपरांशी यावर फोनवर बराच वेळ बोलणं झालं. त्यांचं म्हणणं असं की क्लाउडवर काम असेल तर सेल, रुई, मोटार यातलं काही येत नाही. ते खरं आहे. पण भरलेली डिस्क, उडवूनही न सुटलेली फाइल, टीझेडडेटा, एमटीयू, सिस्टमडीची पाच संधींची हद्द, एफसिंक हे सगळं भाड्याच्या सर्व्हरवरही असंच येतं. कर्नलचा कोड वाचता यावा अशी अपेक्षा कोणाचीच नाही. प्रोसेस, उघडी फाइल, डिस्क, घड्याळ, नेटवर्कचं पाकीट आणि सर्व्हिस या सहा गोष्टी एकमेकींशी कशा बांधल्या आहेत आणि प्रत्येकीला कोणत्या आज्ञेने प्रश्न विचारायचा, एवढं प्रत्येक डेव्हलपरला आलंच पाहिजे, असं ठाम मत आहे. आज्ञेचे पर्याय पाठ नसले तरी चालतं, ते एआयला विचारले की मिळतात. ३ तारखेला एआयने सुचवलेले इंडेक्स चुकीचे नव्हते. त्याला ‘क्वेरी हळू आहे’ असंच सांगितलं होतं. सेन्सर्सचा आकडा त्याच्यापुढे कोणी ठेवलाच नव्हता.

१२ डिसेंबर

६०० व्हीएचा यूपीएस, यूएसबीवाला (₹३,२००). एनयूटी (यूपीएसवर लक्ष ठेवणारा प्रोग्रॅम) बसवलं, एनयूटीडीआरव्ही_क्यूएक्स ड्रायव्हरने ओळखला. बॅटरी खाली गेली की मशीन नीट बंद होतं.

चाचणीत एक फट सापडली. बंद होण्याच्या मधेच वीज परत आली तर मशीन बंद होतं आणि तसंच राहतं. यूपीएसने मशीनचा पुरवठा कधी तोडलाच नाही, मग ‘वीज आल्यावर चालू हो’ लागू कसं होणार? उपाय: बंद होण्याच्या अगदी शेवटी एनयूटीकडूनच यूपीएसला आज्ञा, पुरवठा तोड आणि थोड्या वेळाने परत दे. एनयूटीच्या पॉवरडाउनफ्लॅगची सोय याचसाठी आहे. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा मशीन परत आलं. तुमचा यूपीएस ही आज्ञा पाळतो का ते घेण्याआधी दुकानातच तपासा.

१३ डिसेंबर

यूपीएसची केबल आणि काट्याची केबल एकाच यूएसबी हबवर होत्या. वेगळ्या केल्या.

५ जानेवारी

बॅकअपची खरी चाचणी. रात्री दोनला पीजी_डंप (डेटाबेसची प्रत) होतो आणि बाहेरच्या सर्व्हरवर जातो. दुसऱ्या रिकाम्या मशीनवर परत उभारायला घेतला तर मालकीच्या चुका: पीजी_डंप एका डेटाबेसचा असतो, वापरकर्ते आणि त्यांचे पासवर्ड त्यात येत नाहीत. पीजी_डंपऑल फक्त ग्लोबल्ससाठी (वापरकर्त्यांसारख्या सामायिक नोंदींसाठी) वेगळा जोडला. दुसऱ्या प्रयत्नात सगळं ६ मिनिटांत उभं राहिलं, पट्ट्यांची संख्या आणि क्विंटलची बेरीज मूळ मशीनशी जुळली.

मग काटा रिकामा असताना भिंतीतली पिन ओढली, यूपीएसही मधून काढून. ५ वेळा. पाचही वेळा मशीन स्वतः चालू, घड्याळ बरोबर, शेवटची पट्टी शाबूत, ७० ते ८५ सेकंदांत स्क्रीनवर वजन.

राहिलेलं काम: पर्यायी मशीन कपाटात तयार ठेवायचं आहे. त्यालाही तोच यूडेव्ह नियम लागेल, पण खोबणीचा पत्ता वेगळा असणार. तो बघून नियमात घालायचा आणि लाल टेप तिथेही चिकटवायची.